जऊळका सांगजो

जऊळक्याच्या स्टेशनावर माय माझ्या गाठोड्याची गाठ तिसऱ्यांदा सोडून बांधत होती. पहिल्यांदा तिला ती सैल वाटली, दुसऱ्यांदा घट्ट. तिसऱ्यांदा कारण काही नव्हतं, हाताला काम हवं होतं, एवढंच. तूर निघाली होती आणि वावरात आता पेरणीपर्यंत करण्यासारखं काही उरलं नव्हतं. अकोल्याकडची पॅसेंजर यायला वेळ होता. गजूभाऊ, म्हणजे माझा चुलतभाऊ, पाच वर्षांचा जुना पुणेकर असल्याच्या तोऱ्यात बाकड्यावर पाय हलवत बसला होता. मी पहिल्यांदाच निघालो होतो. भाऊच्या शेजारी वहिनी बसली होती. दर वर्षी ज्या सूचना द्यायच्या त्या ती घरीच देऊन मोकळी व्हायची.

मायने मला तीन गोष्टी सांगितल्या. "उपाशी झोपू नोको. गजूचा हात सोडू नोको. अन् कोनं इचारलं का गाव कोन्तं, त जऊळका सांगजो. वाडीचं नाव कोनाले समजते?"

सावरवाडीच्या माणसांनो, आणि माझ्यासारखं गाठोडं उचलून सावरवाडीतून बाहेर पडलेल्यांनो, हे वाचून तुम्ही म्हणाल, यात नवल ते काय सांगितलं. खरं आहे. आपण सगळे तेच सांगतो. वीस-बावीस घरांची आपली वाडी, ना फाट्यावर पाटी, ना एस.टी.चा थांबा. केनवडच्या बाजारात कोणी विचारलं तर आपण जऊळका म्हणतो, मेडशीला एस.टी.त कंडक्टरने विचारलं तरी जऊळका. पाहुण्यांना, दवाखान्यात, सोयरिकीच्या बोलण्यातसुद्धा आधी जऊळका आणि मग हळूच, "जऊळक्याच्या जवळच हाये एक वाडी." जिथे गाडी थांबते ते गाव, अशी आपली समजूत. त्यात थोडी लाजही होती, ती आता कबूल करून टाकू. वाडीचा माणूस म्हटलं की समोरचा चपलांकडे बघतो.

मायच्या तीन गोष्टींपैकी पहिली मला पाळता आली नाही. दुसरी तर मोडलीच. तिसरी मात्र मी तंतोतंत पाळली. हे पत्र त्या तिसरीबद्दल आहे.

पुण्यात उतरल्यावर मी दिवसभर भाऊला विचारत होतो, खोली किती लांब आहे. घरी सगळ्यांना माहीत होतं, भाऊची खोली आहे, सात नंबरची. वहिनी शेजारणींना सांगायची, "आमच्या याइची सात नंबरची खोली हाये, रस्त्याले लागून." भाऊने मला एका उड्डाणपुलाखाली नेलं. पुलाच्या खांबांवर पांढऱ्या रंगात आकडे टाकलेले होते. सातव्या खांबापाशी त्याने पोतं खाली ठेवलं, खांबाच्या खाचेतून गुंडाळलेली ताडपत्री आणि तीन विटा काढल्या, आणि अगदी घरमालकासारखा म्हणाला, "ये, चपला बाहेर काढ."

मी हसलो. मला वाटलं गंमत करतोय. मग तो ताडपत्री अंथरायला लागला.

त्याचं म्हणणं असं होतं की आधी काही महिने बिल्डिंगच्या कामावरच पत्र्याच्या शेडमध्ये राहायला मिळायचं. मग ते काम संपलं, मजूर अड्डा इथून जवळ, सकाळी लवकर उभं राहिलं की काम मिळतं, आणि वर पूल असल्यावर छप्पर निराळं कशाला हवं. "घरी सांगू नोको," एवढंच तो म्हणाला. "तिले खोली म्हनजे खोली. तिनं मनात तिथं मांडनी लावली, देव बसवले. आता कायले मोडा?" त्याचं आधार कार्डसुद्धा सावरवाडीला वहिनीच्या पेटीत होतं. एकदा महापालिकेच्या गाडीने पुलाखालचं सगळं सामान उचलून नेलं, तेव्हापासून कागद म्हणून त्याने जवळ काही ठेवलं नाही. माझा फोन मी पोचल्यावर आठवड्याच्या आत झोपेत कोणीतरी उशाखालून काढला. सगळे नंबर त्यातच होते, डोक्यात एकही नाही. मग आमच्या दोघांत भाऊचा बटणांचा फोन उरला.

तरी ते दिवस वाईट नव्हते, असं आता लिहिताना हात थोडा अडखळतो, पण नव्हते. दिवसभर सेंट्रिंगच्या फळ्या वाहायच्या, संध्याकाळी गाडीवर पोळी-भाजी खायची, चौकातल्या सुलभमध्ये आंघोळ. भाऊ पाच नंबरच्या आणि नऊ नंबरच्या लोकांची ओळख करून द्यायचा, वाड्यातल्या भाडेकरूंची करून द्यावी तशी. नऊ नंबरला एक म्हातारा होता. तो कधीकाळी सतरंज्या विकायचा. बोलायचा फार कमी, पण भाऊला रोज सकाळी हात वर करून रामराम करायचा.

रोग आल्याचं आम्हाला कामावरून कळलं. मुकादम तोंडाला रुमाल बांधून आला आणि म्हणाला, उद्या येऊ नका. मग एका रविवारी रस्ता पहाटेपासून असा मोकळा झाला की आम्हाला रस्त्याच्या मधोमध रंगवलेले पट्टे पहिल्यांदा नीट दिसले. संध्याकाळी पाचच्या सुमाराला एकदम चारही बाजूंच्या इमारतींतून ताटं, डबे, पातेली वाजायला लागली. गॅलरीगॅलरीत माणसं उभी होती. का वाजवतायत ते आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. भाऊ उठून उभा राहिला. आपल्याकडे रोही आणि रानडुकरं वावरात शिरली की जागलीवरून आपण डबे वाजवतो ना, तो चेहरा त्याचा झाला होता, पण डुकराच्या बाजूचा.

"आपल्याले हाकलून राह्यले काय रे?" तो म्हणाला.

मी म्हटलं, नाही, असंच कायतरी असेल. पण मीही ताडपत्रीची गुंडाळी करून हातात धरून उभा होतो. आवाज थांबला तेव्हा पुलाखालचे आम्ही सगळे उभेच होतो, आपापलं सामान उचलून.

त्यानंतर सगळं बंद झालं. पोळी-भाजीची गाडी बंद, सुलभला कुलूप, नळ होता त्या हॉटेलचं शटर खाली. माणसं साबणाने हात धुवा म्हणत होती, एका बाईने आम्हाला साबणाच्या वड्याही आणून दिल्या. आम्ही त्या खाचेत ठेवल्या, कारण पाणी नव्हतं. पोलिसांच्या गाडीवरचा भोंगा दिवसातून चार वेळा सांगून जायचा, घरात राहा, घराबाहेर पडू नका. एकदा गाडी आमच्यापाशी थांबली आणि आतला शिपाई म्हणाला, "चला, घरी जा." भाऊ सातव्या खांबाला पाठ लावून बसला होता. म्हणाला, "सायेब, घरीच हाओ." शिपायाला हसू आलं, मग आवरलं. तो चांगला माणूस होता, दुसऱ्या दिवशी बिस्किटं देऊन गेला.

वहिनीचा फोन यायचा, शेजारच्या घरून. भाऊ स्पीकर लावायचा म्हणजे मलाही ऐकू यावं. "टीवीवर दाखवून राह्यले," ती म्हणायची. "खोलीच्या बाहीर निंगू नोका. कोनाले खोलीत घेऊ नोका." भाऊ म्हणायचा, "नाही निंगत. कडी लावून बसलो." पलीकडे वहिनीला हायसं वाटलेलं आम्हाला कळायचं. फोन ठेवल्यावर भाऊ कितीतरी वेळ माझ्याकडे बघायचा नाही.

मग एका सकाळी नऊ नंबरच्या म्हाताऱ्याने रामराम केला नाही. ऊन अंगावर आलं तरी तो पांघरुणातच होता. कोणीतरी फोन केला असावा. नखशिखांत पांढरे कपडे घातलेली चार माणसं आली आणि त्याला प्लास्टिकमध्ये बांधून घेऊन गेली. जाताना त्यांनी त्याच्या जागेवर फवारलं, आठ नंबरवर फवारलं, आणि आमच्या तीन विटांवरही. त्यातल्या एकाने लांबूनच विचारलं, या बाबाचं नाव काय, गाव कोणतं. पुलाखाली कोणालाच माहीत नव्हतं. त्याच्यासोबत चार वर्षं काढलेल्या भाऊलाही नाही.

ही गोष्ट भाऊच्या मनाला लागली. जेवणाचं पाकीट आलं तेव्हा तो खाईना. "चार वर्सं रामराम घेतला," तो म्हणाला, "अन् गाव इचारलं नाही. असा कसा गेला बाप्पा मानूस, उडत्या पाखरासारखा?"

त्याच दिवशी दुपारी आम्हाला बसमध्ये घालून महापालिकेच्या एका शाळेत नेलं. निवारा केंद्र असा कागद फाटकावर चिकटवला होता. शाळा चांगली होती, पाणी होतं, दोन वेळा खिचडी होती. वर्गातले बाक एका कोपऱ्यात एकावर एक रचलेले आणि खाली सतरंजी. फळा कोणी पुसला नव्हता. त्यावर शेवटच्या दिवसाचं लिहिलेलं होतं, पट बेचाळीस, हजर एकोणचाळीस. भाऊ ते रोज वाचायचा.

दारात एक बाई टेबल लावून नावं लिहीत होत्या. थकलेल्या होत्या, पण रीतीने विचारत होत्या. भाऊचा नंबर आला. नाव सांगितलं, वय सांगितलं, फोन नंबर सांगितला. मग बाईंनी विचारलं, गाव?

भाऊ पुढे वाकला. मी त्याला असा कधी पाहिला नव्हता. "सावरवाडी," तो म्हणाला, "म्हनजे पाहा म्याडम, वाशीम जिल्ला, मेडशीकडून आलं तं..." तो अगदी वाडीच्या शिवेवरच्या निंबाच्या झाडापर्यंत सांगणार होता. बाईंनी पेन थांबवलं, "सावर काय?" मागे रांग होती, रांगेत कोणीतरी खोकलं, आणि मला तिथून आत जायचं होतं. मला त्याची लाजही वाटली, तेही सांगतो. बाई चपलांकडे बघतील असं वाटलं. मी भाऊच्या खांद्यावरून म्हटलं, "जऊळका लिहा, मॅडम. रेल्वेचं गाव आहे. दोघांचंही जऊळकाच."

बाईंनी लिहिलं. भाऊने माझ्याकडे वळून बघितलं, रागाने नाही. मग म्हणाला, "हो, लिहा. जऊळकाच."

आठवड्याभरात त्याला खोकला लागला. तो वर्गात खोकायचा नाही. उठून व्हरांड्याच्या टोकाला जायचा आणि दुपट्ट्याचा बोळा तोंडात धरून खोकायचा. वर्गात कोणाला शिंक आली तरी सतरंजीवरची माणसं त्याच्यापासून लांब सरकायची. रोज सकाळी कपाळाला बंदूक लावून ताप बघायला माणूस यायचा. भाऊने मला ओलं फडकं आणायला सांगितलं. तो येण्याआधी आम्ही ते कपाळावर घट्ट दाबून धरायचो, मग पुसून टाकायचो. चार दिवस बंदूक फसली. फडकं मी पिळून देत होतो. मी त्याला वाचवतोय अशी माझी समजूत होती.

पाचव्या दिवशी तो उठलाच नाही. पांढऱ्या कपड्यांची माणसं व्हरांड्यातून येताना दिसली तेव्हा सगळा वर्ग भिंतीला चिकटला. मी म्हटलं, मी भाऊ आहे त्याचा, मला येऊ द्या. ते म्हणाले, कोणालाच येऊ देत नाहीत, काही असलं तर घरी फोन जाईल. भाऊला खुर्चीत बसवून नेलं. त्याची पिशवी त्याच्या मांडीवर होती आणि पिशवीत फोन. हात सोडू नको असं मायने सांगितलेलं मला आठवलं आणि मी हात पुढे केला, पण मधल्या माणसाने अडवलं. भाऊ मास्कमधून म्हणाला, "तिले सांगू नोको. खोलीतच हाये म्हन."

मला तपासलं, चौदा दिवस दुसरीकडे कोंडलं, आणि मग तुम्ही सुटलात म्हणाले. मी विचारत विचारत त्या दवाखान्याच्या फाटकाशी पोचलो. रखवालदाराने विचारलं, पेशंटचा कागद? कागद नव्हता. तुमचा कागद? तोही नव्हता. आत यादी आहे, तो म्हणाला, आणि ती रोज बदलते. काही झालं तर घरच्यांना कळवतातच. दोन दिवस मी फाटकासमोर बसलो. तिसऱ्या दिवशी अकोल्याकडे मजुरांची बस निघतेय असं कळलं. मला वाटलं, घरी कळवतातच म्हणजे जे काही असेल ते घरी कळलेलं असेल. भाऊची खबर मला घरीच मिळेल. हे मी स्वतःला समजावलं आणि बसमध्ये चढलो.

मेडशीपासून पायी आलो. पण वाडीत मला कोणी येऊ दिलं नाही. रस्त्यावर बाभळीच्या काट्या आडव्या पडल्या होत्या, आणि पलीकडे तुम्हीच सगळे उभे होता, तोंडाला पदर आणि रुमाल लावून. राग नाही माझा. तुमच्या जागी मीही काट्या टाकल्या असत्या. शिवेवरच्या निंबाखाली पत्र्याचं खोपट होतं, तिथे चौदा दिवस राहा म्हणालात. जुनी माणसं सांगतात, पटकीची साथ आली की मरीमायचा गाडा ओढत नेऊन याच निंबाखाली सोडायचे आणि मागे न बघता परत यायचे. मी बसलो तेव्हा मला ते आठवलं. तुम्ही परत वळलात, आणि खरंच कोणी मागे बघितलं नाही. माय मात्र काट्यांपाशी उभी राहून रडत होती.

दुपारी वहिनी भाकर घेऊन आली. भाकर दगडावर ठेवली आणि दहा पावलं मागे सरली. मी तिच्या कपाळाकडे बघितलं. कुंकू होतं. मी वाट बघत होतो ती सांगेल म्हणून, आणि तिने विचारलं, "तुमचे भाऊ कुठी हायेत, भाऊजी?"

तिला काहीच माहीत नव्हतं. ती माझ्याकडून कळायची वाट बघत होती आणि मी तिच्याकडून.

"खोलीवर हायेत," मी म्हटलं. "बरे हायेत. गाडीत जागा नव्हती, मांगून येतीन."

"फोन बंद येते."

"चार्जर बिघडलं."

तिने मान हलवली. जाताना म्हणाली, "खोलीतच हायेत म्हनता, मंग काय भेव नाही."

त्या खोपटात मला दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी जऊळक्याकडून भोंग्याचा आवाज ऐकू आला. वारा तिकडूनच होता. शब्द कळत नव्हते, नुसती घरघर. मला वाटलं, नेहमीचंच, हात धुवा, तोंड झाका. पलीकडे वावरात वहिनी कापसाच्या पऱ्हाट्या वेचत होती. तिनेही डोकं वर केलं, जरा वेळ तिकडे बघितलं, आणि पुन्हा वाकली. दुसऱ्या दिवशीही तसाच आवाज आला. मग थांबला.

पुढचे महिने मी खोट्यावर खोटं रचत काढले. काही झालं असतं तर कळलं असतं, असं वाडीत सगळे म्हणत, आणि हळूहळू मीही त्यावर विश्वास ठेवायला लागलो. वाईट बातमी वाऱ्याच्या आधी पोचते, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. सोयाबीन निघालं. दिवाळीचा फराळ वहिनीने डब्यात काढून ठेवला. गाड्या सुरू झाल्या तसं ती एक दिवस पेटीतलं आधार कार्ड पदराला बांधून माझ्या दारात आली. "चला," ती म्हणाली. "मले खोली दाखवा."

पुण्याच्या स्टेशनावर उतरल्यावरही मी तिला आधी दवाखान्यात न्यायला बघत होतो. ती ऐकेना. आधी खोली. मग मी तिला पुलाखाली नेलं आणि सातव्या खांबापाशी उभा राहिलो. वर गाड्यांची धडधड पुन्हा सुरू झालेली होती. तिने खांबावरचा आकडा वाचला. खाचेत हात घातला. आत साबणाची एक वडी होती, कागदासकट, फुगलेली.

तिने पदर खोचला, कोपऱ्यात पडलेला खराटा उचलला आणि खांबाभोवतीची जागा झाडून काढली, पार नव्या घरात झाडतात तशी, कोपऱ्याकोपऱ्यातून. मग तिथेच मांडी घालून बसली. "सा वर्सं," ती म्हणाली. "सा वर्सं मी इथं दिवा लावून राह्यली." मी तिथे रडलो. ती रडली नाही.

दवाखान्यातून आम्हाला एका कचेरीत पाठवलं, तिथून दुसरीकडे. आधार कार्ड बघून एका माणसाने संगणकात शोधलं, मग कागद काढून माझ्या हातात दिला. वहिनीला वाचता येत नाही, म्हणून मला मोठ्याने वाचावं लागलं. नाव भाऊचं. मृत्यूची तारीख, जो दिवस मी निंबाखाली पोचलो आणि बरे आहेत म्हणालो, तो. गाव जऊळका. पुढे एक रकाना होता. फोन बंद, गावी संपर्क केला, या नावाची व्यक्ती गावात नाही. नातेवाईक आढळले नाहीत. त्याखाली, अंत्यविधी संस्थेतर्फे.

"जऊळका कोनं सांगलं?" वहिनीने विचारलं.

"मी," मी म्हटलं. "त्यानं वाडी सांगितली होती. मी आडवलं."

तिने कागद घेतला, चार घड्या केल्या आणि जिथे आधार कार्ड बांधलं होतं तिथे बांधला. जऊळक्याला उतरल्यावर मी वाडीच्या वाटेला लागलो, तर ती उलटीकडे, गावात निघाली.

पोलीस पाटलांच्या अंगणात ती थेट जाऊन उभी राहिली आणि भाऊचं नाव सांगितलं. पाटील म्हातारे, भले गृहस्थ. त्यांना आठवत होतं. ते खाटेवरून उठलेच. "आल्ता ना फोन पुन्यावरून," ते म्हणाले. "मी दोन दिवस भोंग्यावर पुकारलं बाई. पाच-पाच दा नाव घेतलं. कोनाच्या वळखीचा असन तं पारावर या म्हनलं. कोनी आलं नाही. वाड्यांवर मानूस धाडलं असतं, पन समद्या वाटा काट्या टाकून बंद." मग त्यांनी विचारलं, "तुमी कुठल्या?"

"सावरवाडीच्या," वहिनी म्हणाली.

पाटलांनी रुळाकडे मान वळवली. तिथून, त्यांच्या अंगणातून, रुळापलीकडचा आपला निंब दिसत होता.

वाटेत रूळ ओलांडताना वहिनी थांबली. "मी आयकलं होतं," ती म्हणाली. "आवाज आयकला होता. मले वाटलं, रोजचंच हाये." मी म्हटलं, मीही ऐकला होता. तिने माझ्याकडे बघितलं, आणि त्या दिवसापासून आजपर्यंत ती मला भाऊजी म्हणाली नाही. भाकर देते, मायची चौकशी करते, पण हाक मारत नाही.

आता मी पुण्यातच असतो. खोली आहे, खरी, दाराला कडी असलेली. तिघांत मिळून घेतलीय. अड्ड्यावर आपल्याकडची नवीन पोरं दर वर्षी येतात, मेडशीची, केनवडकडची, कुठल्या कुठल्या वस्त्यांवरची. मी त्यांना विचारतो, गाव कोणतं रे? ती तोऱ्यात सांगतात, मेडशी, वाशीम, जऊळका. मी म्हणतो, ते नाही, झोपायचं गाव सांग. ती हसतात. पुलाखाली सात नंबरला सध्या दोघं आहेत. त्यांची नावं, वाड्या, बापांची नावं मी कागदावर लिहून घेतली आहेत. त्यांना वाटतं, हा माणूस जरा सरकलेला आहे. असेल. पण रोग काही सांगून येत नाही, आणि पुन्हा आला तर पुलाखाली पुन्हा तेच लोक असतील.

घर म्हणजे काय, हे मला पूर्वी कोणी विचारलं असतं तर मी मायची चूल सांगितली असती, बैलाच्या घंटा सांगितल्या असत्या. आता एवढंच कळतं की घर म्हणजे जिथे आपली खबर पोचते. बरी असो की वाईट, दारापर्यंत पोचते. भाऊची अर्ध्या कोसावर येऊन थांबली.

तेव्हा वाडीबाहेरच्या कोणाच्या हाती हे पत्र पडलं तर लिहून घ्या, उपयोग होवो न होवो. गाव सावरवाडी. जऊळक्याला उतरून रूळ ओलांडायचा, पांदणीने सरळ यायचं, शिवेवर निंब आहे, त्याच्या डाव्या हाताचं तिसरं घर माझं. पाचवं गजूभाऊचं. तिथे कोणी ना कोणी असतंच. आणि दिवसाउजेडी आलात तर बहुधा वहिनी वावरात दिसेल. जऊळक्याकडून भोंगा वाजला, लग्नाचा असो, निवडणुकीचा असो, की रेशन आल्याचा, ती हातातलं काम टाकते, कानावरचा पदर मागे सारते आणि आवाज संपेपर्यंत तशीच उभी राहते.